"पार्टी मोठी आहे" म्हणजे नेमकं काय? कंपनीची आर्थिक पत्रकं वाचायची कशी

वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसी औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या कारखानदाराला त्याच्या गिऱ्हाइकाबद्दल विचारा. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "पार्टी मोठी आहे हो, पेमेंट जरा उशिरा येतं." पेमेंट उशिरा का येतं, यापुढे किती उशिरा येईल आणि एक दिवस ते येणारच नाही असं होईल का, या प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा त्या पार्टीच्या ताळेबंदात आधीच छापलेली असतात. ताळेबंद उघडून बघायचं मात्र राहून जातं, आणि मग दोन कोटींचा धंदा करणारा माणूस साठ लाखांच्या येण्यांसाठी वर्षभर फोन करत बसतो.

हे वाचन शेअर घेणाऱ्याला लागतं, महापे-ऐरोलीच्या कंपनीत नोकरी पत्करण्याआधी तिची तब्येत पाहणाऱ्यालाही लागतं. मी मात्र उधारीवर माल देणाऱ्याला समोर ठेवून लिहितो आहे. भागधारकाला शेअर विकून बाहेर पडता येतं, पुरवठादाराचा पैसा अडकला की अडकला. यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. बेरीज, वजाबाकी, भागाकार, एक पेन्सिल आणि दोन निवांत संध्याकाळी पुरतात.

कागद मिळवायचे कुठून

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर काम सोपं आहे. बीएसई, एनएसई किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल फुकट मिळतो. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि पूर्ण वर्षाचे निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. त्या निकालांच्या दोन-चार पानांवर भागवू नका, टिपांसकट पूर्ण अहवाल उतरवून घ्या.

तुमचं गिऱ्हाईक बहुधा प्रायव्हेट लिमिटेड असेल. तिचेही हिशेब गुप्त नसतात. वार्षिक सर्वसाधारण सभा झाल्यावर ३० दिवसांत एओसी-४ या नमुन्यात आर्थिक पत्रकं कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल करावी लागतात, आणि मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर थोडी फी भरून ती कोणालाही पाहता येतात. तिथेच 'चार्ज'ची यादी मिळते, म्हणजे कंपनीने कोणत्या बँकेकडे किती रकमेसाठी मालमत्ता तारण ठेवली आहे ते. वर्षानुवर्षं एकच बँक असलेल्या कंपनीच्या यादीत अचानक दोन-तीन नव्या वित्तसंस्थांची नावं आली असतील तर त्याचं कारण शोधा.

भागीदारी संस्था किंवा एकट्याची मालकी असेल तर असं काही सार्वजनिक नसतं. तेव्हा जीएसटी पोर्टलवर पार्टीचा जीएसटी नंबर टाकून विवरणपत्रं कधी भरली याचा तक्ता पाहा. रिटर्न सतत उशिरा जात असतील तर रोकड ओढाताणीत आहे असं धरून चाला. बाकी ताळेबंद सरळ मागा. बँक मागते तेव्हा कोणाला राग येत नाही, आणि तुम्हीही एका अर्थी कर्जच देत आहात.

एक साधन लोक विसरतात. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज या पतमानांकन संस्था बँक कर्जाच्या मानांकनाबरोबर कारणांची टिपणं प्रसिद्ध करतात. बाजारात नोंद नसलेल्या असंख्य मध्यम कंपन्यांचीही ती फुकट वाचायला मिळतात. येणी किती दिवस अडकतात, बँकेने मंजूर केलेली कर्जाची मर्यादा किती टक्के वापरली जाते, हे त्यांत सरळ भाषेत असतं. मानांकनाशेजारी 'कंपनी सहकार्य करत नाही' असा शेरा असेल तर तिने संस्थेला माहिती देणं थांबवलं आहे. याच्याकडे काणाडोळा करू नका.

किमान तीन वर्षांची पत्रकं घ्या. एका वर्षाच्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही.

आकड्यांना हात लावण्याआधी

पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकक लिहिलेलं असतं: लाखांत, कोटींत की दशलक्षांत. ते आधी मोठ्या अक्षरात वहीवर लिहा. कंसात घातलेला आकडा वजा समजायचा.

मग पाहा की पत्रक एकट्या कंपनीचं आहे की उपकंपन्या धरून एकत्रित. भागधारकाने एकत्रित पत्रक वाचावं. पुरवठादाराने मात्र ज्या कंपनीच्या नावाने बिल फाडतो तिचं स्वतंत्र पत्रक आधी वाचावं. समूह कितीही श्रीमंत असो, तुमची ऑर्डर ज्या उपकंपनीने दिली तिच्या देण्यांची जबाबदारी मूळ कंपनीवर आपोआप येत नाही. हमी लेखी असली तरच येते.

सुरुवात ऑडिटरच्या अहवालापासून

बहुतेक जण नफ्याच्या ओळीवर उडी मारतात. मी आधी लेखापरीक्षकाचा अहवाल वाचतो, कारण पुढचे आकडे किती विश्वासाने वाचायचे ते तिथे ठरतं. स्वच्छ मत असेल तर "सत्य आणि वाजवी चित्र" अशा अर्थाचं वाक्य असतं. त्याखालची पायरी सशर्त मताची, म्हणजे अमुक बाब सोडून बाकी ठीक. त्याखाली प्रतिकूल मत, आणि मत देण्यासच नकार. शेवटच्या दोहोंपैकी काही दिसलं तर उधारीचा विषय तिथेच संपवा.

स्वच्छ मत असूनही 'गोइंग कन्सर्न'बद्दल, म्हणजे कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल, वेगळा परिच्छेद आहे का ते शोधा. मग जोडपत्र उघडा. 'कारो २०२०' या आदेशाप्रमाणे ऑडिटरला ठरावीक मुद्द्यांवर उत्तरं द्यावी लागतात, आणि पुरवठादारासाठी अहवालातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. पीएफ, जीएसटी, आयकर वेळेवर भरला का? बँकेचे हप्ते चुकले का? खेळत्या भांडवलासाठी बँकेने मंजूर केलेली कर्जाची मर्यादा ५ कोटींच्या वर असेल तर बँकेला दर तिमाहीला दिलेली स्टॉक-येण्यांची विवरणं वह्यांशी जुळतात का? थोड्या मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या कामाला लावला का? रोख तोटा झाला का? आधीच्या ऑडिटरने राजीनामा दिला का? वर्षभरात देणी भागवता येतील याबद्दल ठोस शंका आहे का? अगदी लहान प्रायव्हेट कंपन्यांना हा आदेश लागू नसतो, त्यामुळे जोडपत्र दिसलं नाही म्हणून लगेच संशय नको.

बँकेला दिलेला स्टॉकचा आकडा वह्यांपेक्षा मोठा निघाला असेल तर मी तिथे पेन्सिलीने दुहेरी रेघ मारतो. जी कंपनी बँकेला वाढवून आकडे देते, ती तुम्हालाही खरं सांगेल अशी आशा कशाला धरायची?

एक कंपनी समोर घेऊ

आता आकडे. समजा रबाळ्याला औद्योगिक पंप बनवणारी एक कंपनी आहे. कंपनी काल्पनिक, पण आकड्यांची ठेवण नेहमी भेटणारी. सगळे आकडे कोटी रुपयांत.

| | मागचं वर्ष | हे वर्ष |
|---|---|---|
| विक्री | १२० | १५० |
| कच्चा माल | ७२ | ८९ |
| पगार | १४ | १७ |
| इतर खर्च | १६ | २० |
| घसारा | ४ | ५ |
| व्याज | ४ | ६.५ |
| इतर उत्पन्न | १ | ३ |
| करानंतरचा नफा | ८.२ | ११.६ |
| ताळेबंद | | |
| भागभांडवल आणि राखीव | ५० | ५९.६ |
| कर्ज | ४० | ७७ |
| पुरवठादारांची देणी | १८ | २२ |
| कराची देणी | ० | ०.४ |
| जमीन, शेड, यंत्रं | ४७ | ५६ |
| साठा | २० | ३१ |
| येणी | २६ | ४८ |
| प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीला कर्ज | १० | १८ |
| त्या कर्जावरचं येणं व्याज | ० | २ |
| रोख आणि बँक | ५ | ४ |

आधी ताळेबंदाच्या दोन बाजू स्वतः जुळवून पाहा: पैसा आला कुठून आणि गेला कुठे. मागच्या वर्षी दोन्हीकडे १०८, या वर्षी १५९. छापील ताळेबंद जुळलेलाच असतो, पण हाताने बेरीज केली की कोणती रक्कम किती जड आहे ते लक्षात राहतं.

नफा-तोटा पत्रक: वरून खाली सावकाश

विक्री १२० वरून १५०, म्हणजे २५ टक्के वाढ. विक्रीतून कच्चा माल, पगार आणि इतर खर्च वजा केला की धंद्याची खरी कमाई उरते: मागच्या वर्षी १८, यंदा २४. विक्रीशी प्रमाण १५ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर. निव्वळ नफा ८.२ वरून ११.६. इथवर वाचणाऱ्याला कंपनी छानच वाटेल, आणि तिचा मालकही तुम्हाला हेच दोन आकडे सांगेल.

आता 'इतर उत्पन्न' पाहा. ते १ वरून ३ झालं आहे. टिपेत उकल सापडते: १ कोटी शेडच्या भाड्याचे, आणि २ कोटी प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीला दिलेल्या कर्जावरचं व्याज. ताळेबंदात तेच २ कोटी 'येणं व्याज' म्हणून उभे आहेत. म्हणजे व्याज नफ्यात धरलं, हातात आलं नाही. इतर उत्पन्न बाजूला ठेवून करपूर्व नफा काढला तर तो १० वरून १२.५ होतो. वाढ आहेच, फक्त तितकी झळाळती नाही.

'अपवादात्मक बाबी' अशी ओळ असेल तर ती नेहमी वेगळी काढा. ठाणेकरांना याचं उदाहरण दूर शोधायला नको. कोलशेतच्या बायर क्रॉपसायन्स आणि क्लॅरिअंट केमिकल्स या कंपन्यांनी २०१०च्या दशकात आपल्या कारखान्यांच्या जमिनी विकल्या, आणि दोन्ही व्यवहार हजार कोटींच्या वरचे होते. जमीन एकदाच विकली जाते. ज्या वर्षी असा नफा येतो त्या वर्षाचा आकडा धरून "एवढी कमाई करणारी कंपनी" असं म्हणणं चूक. धंद्याचा नफा वेगळा, जमिनीचा वेगळा.

घसाऱ्याची, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेल्या खर्चाची, पद्धत किंवा यंत्रांचं धरलेलं आयुष्य मध्येच बदललं का, हेही टिपांत पाहून घ्या. आयुष्य वाढवलं की घसारा घटतो आणि तेवढाच नफा फुगतो.

दिवस मोजा

पुरवठादाराला सगळ्यात उपयोगी गणित हे. येणी भागिले विक्री, गुणिले ३६५. मागच्या वर्षी २६ भागिले १२०, म्हणजे ७९ दिवस. यंदा ४८ भागिले १५०, म्हणजे ११७ दिवस. साठ्यासाठी कच्च्या मालाने भागा: १०१ दिवसांवरून १२७ दिवस. पुरवठादारांची देणीही कच्च्या मालाने भागा: ९१ वरून ९०, जवळपास तेवढीच.

येण्यांचे दिवस अधिक साठ्याचे दिवस, वजा देण्यांचे दिवस. मागच्या वर्षी ८९, यंदा १५४. म्हणजे या कंपनीने कच्च्या मालाला घातलेला रुपया परत यायला पूर्वी तीन महिने लागत, आता पाच महिने लागतात. विक्री २५ टक्के वाढली, येणी ८५ टक्के वाढली. माल खपला, की उधारी सैल सोडून खपवला?

एक बारकावा पुस्तकात सहसा सांगत नाहीत. विक्रीचा आकडा जीएसटी वगळून असतो, येण्यांच्या आकड्यात जीएसटी धरलेला असतो. १८ टक्क्यांचा माल असेल तर ४८ कोटींमधले साधारण ७ कोटी कराचे आहेत, आणि खरे दिवस ११७ ऐवजी ९९ च्या आसपास येतात. दोन वर्षांची तुलना करताना याने फरक पडत नाही, कारण दोन्हींत तोच दोष आहे. पण "आम्ही ९० दिवसांत वसूल करतो" असं कंपनी म्हणाली तर तिला लगेच खोटं ठरवण्याआधी हा हिशेब करा.

यापुढे अंदाज करायची गरज उरत नाही. २०२१ पासून कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ प्रमाणे येण्यांचं वय छापावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची. समजा आपल्या कंपनीच्या ४८ कोटींपैकी ९ कोटी एक वर्षावरचे आहेत आणि बुडीताची तरतूद फक्त ३० लाखांची. त्या ९ कोटींतले निम्मे बुडाले तर तरतूद वजा जाता ४ कोटी २० लाख नफ्यातून जातील, म्हणजे यंदाच्या साडेपंधरा कोटींच्या करपूर्व नफ्याचा चौथा हिस्सा नाही म्हटलं तरी गेला.

तसाच तक्ता देण्यांचाही असतो, आणि त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात. हा तक्ता म्हणजे तुमच्या जागी आधी उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव. सूक्ष्म-लघु उद्योगांची एक-दोन वर्षांची देणी थकलेली दिसली, तर तुमच्याशी वेगळी वागणूक होईल असं समजू नका. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. कंपनीने अशा व्याजाची तरतूद केली आहे का, तेही त्याच टिपेत सापडतं.

रोख प्रवाह: इथे सगळं उघड होतं

कॅश फ्लो पत्रक पाहून लोक घाबरतात. त्याचे भाग तीनच: धंद्यातून आलेला-गेलेला पैसा, गुंतवणुकीचा पैसा, कर्ज-भांडवलाचा पैसा. आपण ते स्वतः मांडून बघू, कारण एकदा हाताने केलं की परत भीती वाटत नाही.

धंद्याची कमाई २४ कोटी. त्यातून येण्यांत जास्तीचे २२ अडकले, साठ्यात ११. पुरवठादारांची देणी ४ ने वाढली, तेवढा पैसा हाताशी राहिला. २४ उणे २२ उणे ११ अधिक ४, म्हणजे उणे ५. कर भरला साडेतीन कोटी. धंद्यातून आलेला पैसा: उणे साडेआठ कोटी.

साडेअकरा कोटींच्या वर नफा दाखवणाऱ्या कंपनीच्या धंद्यातून वर्षभरात साडेआठ कोटी बाहेर गेले. नफा वहीत लिहिला गेला, बँकेत पोचला नाही.

पुढे जाऊ. नव्या यंत्रांना १४ कोटी, प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीला आणखी ८ कोटी, भाड्याचा १ कोटी आला. गुंतवणुकीखाली उणे २१. मग भागवलं कशाने? नवीन कर्ज ३७ कोटी. त्यातून व्याज साडेसहा आणि लाभांश २ कोटी गेले, उरले साडेअठ्ठावीस. तिन्हींची बेरीज उणे १, आणि रोख शिल्लक ५ वरून ४ झाली. नुसती शिल्लक पाहणारा म्हणेल, "एक कोटीच तर कमी झाले." त्या एका कोटीमागे ३७ कोटींचं कर्ज उभं आहे.

आता लाभांशाकडे परत पाहा. धंद्यातून पैसा येत नसताना वाटलेला लाभांश कर्जातूनच गेला.

एका वर्षी धंद्याचा रोख प्रवाह उणे असणं हा गुन्हा नव्हे. झपाट्याने वाढणाऱ्या चांगल्या कंपन्यांतही असं होतं. म्हणून तीन ते पाच वर्षांचा नफा एकत्र करा, तेवढ्याच वर्षांचा धंद्यातला रोख प्रवाह एकत्र करा आणि शेजारी ठेवा. नफ्याची बेरीज ४० आणि रोखीची ३५ असेल तर ठीक. ४० समोर ८ असतील तर बाकीचे ३२ कुठे आहेत ते ताळेबंदातच सापडेल: येण्यांत, साठ्यात किंवा कोणाला तरी दिलेल्या कर्जात.

कर्ज आणि गुणोत्तरं

भांडवलाच्या तुलनेत कर्ज ०.८ पट होतं, ते १.३ पट झालं. व्याज भरण्याची ताकद पाहायची तर कमाईतून घसारा वजा करून व्याजाने भागा: मागच्या वर्षी १४ भागिले ४, म्हणजे साडेतीन पट, यंदा १९ भागिले ६.५, म्हणजे २.९ पट. अजून धोक्याची पातळी नाही, पण दिशा उताराची आहे.

भागधारकांच्या पैशावरचा परतावा १६.४ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर गेला. गुंतवणूकदारांच्या बैठकीत हाच आकडा पडद्यावर झळकतो. कर्ज आणि भांडवल मिळून लावलेल्या सगळ्या पैशावरचा परतावा मात्र १५.६ वरून १३.९ वर उतरला. पहिला वाढतो आणि दुसरा घटतो तेव्हा वाढ कर्जाच्या जोरावर झालेली असते. हे दोन आकडे नेहमी जोडीने काढा.

चालू गुणोत्तराबद्दल, म्हणजे वर्षभरात हाती यायच्या रकमेला वर्षभरात द्यायच्या रकमेने भागून येणाऱ्या आकड्याबद्दल, थोडं सावध राहा. समजा ७७ कोटींच्या कर्जातलं ५५ कोटी सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून लागेल तसं उचलायचं कर्ज) आणि वर्षभरात फेडायचं आहे. साठा, येणी, रोख आणि येणं व्याज मिळून ८५. भागिले ७७.४ (हे ५५, पुरवठादारांचे २२ आणि कराचे ०.४), म्हणजे १.१. एकाच्या वर म्हणून समाधान मानू नका. वर्षावरची ९ कोटींची येणी आणि न मिळालेलं २ कोटींचं व्याज काढून टाका, उत्तर एकाच्या खाली जातं.

शेड्यूल ३ मुळे कंपनीला अकरा गुणोत्तरं स्वतः छापावी लागतात, आणि एखादं २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही द्यावं लागतं. ते स्पष्टीकरण जरूर वाचा. "व्यवसायवाढीमुळे" एवढ्या एका शब्दावर भागवलेलं असेल तर तोच प्रश्न तुम्ही विचारा.

टिपांमध्ये दडलेलं

'संबंधित पक्षांशी व्यवहार' ही टीप कधी सोडू नका. कर्ज कोणाला दिलं, जागा कोणाकडून भाड्याने घेतली, माल कोणत्या घरच्या कंपनीला विकला, सगळं तिथे असतं. आपल्या उदाहरणातली १८ कोटींची रक्कम भांडवलाच्या ३० टक्के आहे. पुरवठादारांना ९० दिवस थांबवून घरच्या कंपनीला पैसे दिले जात आहेत.

'संभाव्य देणी'मध्ये कराचे वाद, कोर्टातले दावे, दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी आणि वटवलेली बिलं असतात. ही रक्कम ताळेबंदाच्या बेरजेत नसते. भांडवलाशी तिचं प्रमाण काढा. घरच्या कंपनीसाठी दिलेली बँक हमी सगळ्यात वाईट, कारण ती कंपनी बुडाली की बोजा इथे येतो.

रोखीच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की वह्यांतल्या रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, आणि त्यावर दाखवलेलं ३७६ कोटींचं येणं व्याजही नव्हतं. म्हणून मोठी ठेव असलेली कंपनी महागड्या व्याजाने कर्ज का काढते, असा प्रश्न पडला तर उत्तर मिळेपर्यंत सोडू नका.

बँका, वित्तसंस्था आणि विमा कंपन्यांना वरची मापं लागू पडत नाहीत. त्यांचा कच्चा मालच पैसा असतो. बिल्डरांचंही वेगळं: घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरची विक्री नोंदवायची वेळ बहुधा ताबा देताना येते, तोवर ग्राहकांचे पैसे देण्यांत आणि अर्धवट इमारती साठ्यात दिसतात. त्यांच्यासाठी महारेराच्या पानावरची प्रकल्पाची प्रगती ताळेबंदाशेजारी ठेवून वाचा.

मग माल द्यायचा का?

समजा तुम्ही या पंप कंपनीला कास्टिंग देता. महिन्याला ४० लाखांची ऑर्डर आहे, मुदत ९० दिवस मागितली आहे. तीन महिन्यांचे १ कोटी २० लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १ कोटी ४२ लाख कायम बाहेर. शिवाय दर महिन्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुम्ही भरायचा, पैसे आले असोत वा नसोत.

मी या कंपनीला सरळ नाही म्हणणार नाही. कमाईचं प्रमाण चांगलं आहे, माल खपतो आहे. पण ९० दिवस देणार नाही. उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा, नंबर बिलावर छापून ४५ दिवसांचा लेखी करार मागेन. बिलं ट्रेड्सच्या, म्हणजे छोट्या पुरवठादारांची बिलं वटवून पैसे आधी मिळवून देणाऱ्या ऑनलाइन, मंचावर वटवायला तयार आहेत का विचारेन. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, हिला नाही, पण स्वतःहून करता येते. एकूण बाकीची मर्यादा ५० लाखांवर ठेवेन आणि ती ओलांडली की पुढचा ट्रक आधीचं पेमेंट आल्यावरच सोडेन.

आणि खरेदी विभागाच्या साहेबांऐवजी वित्त विभागाच्या माणसाकडे अर्धा तास मागून तीन प्रश्न विचारेन. वर्षावरची ९ कोटींची येणी कोणाकडे आहेत? घरच्या कंपनीला दिलेले १८ कोटी परत यायची तारीख काय? सीसीची मर्यादा गेल्या सहा महिन्यांत सरासरी किती टक्के वापरली? तिन्हींची उत्तरं तारीख आणि आकड्यासह आली, तर पुढच्या सहामाहीत मर्यादा ७५ लाखांपर्यंत न्यायला माझी हरकत नसेल.